टेनिसची टीप, उचलीचे पैसे आणि आपली पोरं

आपल्या जिल्ह्यातल्या पोरांच्या मोबाईलमध्ये सध्या एक नवे पंचांग आले आहे. त्यात राहुकाळ नसतो, तिथी नसते, फक्त खेळाडूंची नावे असतात. कझाकस्तानचा अमुक विरुद्ध अर्जेंटिनाचा तमुक. खाली लिहिलेले असते, 'पहिला सेट अमुकच घेणार, शंभर टक्के, डोळे झाकून लावा.' टेलिग्रामवर अशी भविष्ये दिवसभर पडत राहतात. पाथर्डी, शेवगाव, नेवासा, जामखेड, श्रीरामपूर, कुठल्याही तालुक्याच्या गावात जा, चहाच्या टपरीवर एखादा तरी पोरगा सापडेल, ज्याने आयुष्यात टेनिसची रॅकेट हातात धरलेली नाही, पण 'ब्रेक पॉइंट' आणि 'टायब्रेक' म्हणजे काय हे तो तुम्हाला घडाघडा सांगेल.

क्रिकेटच्या सट्ट्याबद्दल खूप बोलले जाते. आयपीएल आली की पोलिसांच्या धाडी, पेपरात बातम्या, अमुक बुकी ताब्यात. टेनिसबद्दल कोणी बोलत नाही, कारण टेनिस हा आपला खेळ नाही असे सगळ्यांनी गृहीत धरले आहे. गंमत अशी की सट्ट्याच्या धंद्याला नेमके तेच हवे असते. म्हणून आज आम्ही टेनिसच्या टीपवर लिहिणार आहोत. आम्ही म्हणजे नगर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत अभ्यासिका, जयंती, शिष्यवृत्ती, वसतिगृह हे प्रश्न घेऊन फिरणारे कार्यकर्ते. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, आमच्या तोंडी अजून नगरच येते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ही टीप आपल्या पोरांच्या आळसावर चालत नाही, ती त्यांच्या हुशारीवर चालते. म्हणून 'व्यसनी पोरं' म्हणून हात झटकणे चूक आहे. हा चळवळीचा प्रश्न आहे.

टेनिसच का?

क्रिकेटचा सामना रोज नसतो. टेनिस रोज असते. जगाच्या पाठीवर कुठे ना कुठे, सकाळी, दुपारी, मध्यरात्री, कोणत्या तरी कोर्टवर दोन माणसे खेळत असतातच. विम्बल्डन, ऑस्ट्रेलियन ओपन ही वरची चार नावे आपल्याला माहीत असतात. त्यांच्या खाली एटीपीच्या स्पर्धा, त्यांच्या खाली चॅलेंजर, आणि अगदी तळाला आयटीएफच्या छोट्या स्पर्धा. तळाच्या स्पर्धांना प्रेक्षक नसतात, टीव्ही नसतो, पण सट्टा असतो. एकेक पॉइंट, एकेक गेम, एकेक सेट यावर पैसे लावता येतात. क्रिकेटमध्ये एक डाव संपायला वेळ लागतो, टेनिसमध्ये दर मिनिटाला नवा भाव निघतो. हरलेल्या माणसाला विचार करायला उसंतच मिळत नाही.

हे आपोआप झालेले नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने आपल्या छोट्या स्पर्धांचा थेट स्कोअर एका डेटा कंपनीला विकला. खुर्चीवर बसलेला पंच हातातल्या यंत्रावर गुण दाबतो आणि तो गुण थेट सट्टा कंपन्यांकडे जातो. टेनिसमधल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीने २०१८ साली अहवाल दिला. या डेटाविक्रीमुळे खालच्या पातळीवरच्या टेनिसमध्ये सट्टा आणि फिक्सिंग बोकाळले, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच अहवालात म्हटले आहे की जगात १५,००० च्या आसपास खेळाडू असले तरी खर्च वजा जाता तोट्यात न जाणारे जेमतेम २५० ते ३५० असतात. बाकीचे खिशातून पैसे घालून खेळतात. अशा खेळाडूला कोणी सांगितले की एक सेट सोड, एवढे पैसे देतो, तर काय होईल? बेल्जियममध्ये २०२३ साली अशाच टोळीच्या म्होरक्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या जाळ्यात अनेक देशांतले शंभराहून जास्त खेळाडू असल्याचे तपासात पुढे आले होते.

आपल्याच देशाचे बघा. सुमित नागल हा २०२३ साली भारताचा पहिल्या क्रमांकाचा एकेरी खेळाडू होता. त्या सप्टेंबरमध्ये त्याने जाहीरपणे सांगितले की त्याच्या बँक खात्यात ९०० युरो उरले आहेत, म्हणजे ८०,००० रुपयांच्या आसपास. देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूची ही अवस्था! ज्याच्या घामावर सट्टा उभा आहे तो कोर्टवर कंगाल, आणि ज्याच्या पैशावर सट्टा उभा आहे तो पाथर्डीत कंगाल. मधले तेवढे गब्बर. श्रम एकाचे, पैसा दुसऱ्याचा आणि मलई तिसऱ्याची. ही रचना आपल्याला नवी नाही. गावगाड्यात आपण हीच पाहिली.

पुढच्याच जानेवारीत, २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, जागतिक क्रमवारीत १३७ व्या असलेल्या याच नागलने ३१ वे मानांकन असलेल्या अलेक्झांडर बुब्लिकला सरळ तीन सेटमध्ये हरवले. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत भारतीयाने मानांकित खेळाडूला हरवण्याची १९८९ नंतरची ही पहिलीच वेळ. खेळ सुंदर असतो तो याचमुळे. पण भविष्य विकणारा हे सांगत नाही. तो म्हणतो, डोळे झाकून लावा.

टीपचे गणित

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांच्या अनुयायांनी निदान एवढे गणित तरी मांडून पाहावे.

दोन अगदी तोडीस तोड खेळाडू आहेत असे समजा. कोण जिंकेल हे नाणेफेकीसारखे. प्रामाणिक भाव असेल तर १०० रुपयांचे २०० व्हायला हवेत. ॲप देते १९०. दोन्ही बाजूंना १९०. तुम्ही १०० रुपयांप्रमाणे १०० वेळा लावले, म्हणजे १०,००० रुपये. निम्म्या वेळा जिंकलात तर हातात आले ९,५००. पाचशे रुपये गेले, आणि तुमचा अंदाज कुठेही वाईट नव्हता! बरोबरीत राहायचे असेल तरी तुम्हाला शंभरातले जवळपास ५३ सामने बरोबर सांगावे लागतील. कोणाविरुद्ध? जगभरचा स्कोअर तुमच्या आधी ज्यांच्याकडे पोहोचतो त्यांच्याविरुद्ध. तुमच्या मोबाईलवर चित्र काही सेकंद उशिरा येते. तुम्ही 'लाइव्ह' म्हणून जे पाहता ते त्यांच्यासाठी शिळे असते.

आता टीपवाला म्हणतो, "माझ्या पाचपैकी चार टिप बरोबर येतात." खरेही असेल! कारण तो तगड्या खेळाडूची टीप देतो. त्याचा भाव १.२५, म्हणजे १०० चे १२५. पाच वेळा १०० लावले, ५०० गेले. चार वेळा जिंकलात, ५०० आले. पाचपैकी चार भविष्ये खरी ठरली आणि तुमच्या खिशात एक रुपयाही वाढला नाही. भाव १.२० असेल तर पाचपैकी चार जिंकूनही २० रुपये तोटा. मग तो सांगतो, "चार सामने एकत्र जोडून लाव, पैसे दुप्पट." दुप्पट दिसतात खरे, पण चारही सामने एकदम बरोबर येण्याची शक्यता शंभरात फक्त ४१. एकेक लावल्यावर शंभरामागे सरासरी ४ रुपये जात होते, एकत्र जोडल्यावर १५ जातात.

आणि 'सलग चार टिप बरोबर' हा चमत्कार कसा घडतो तेही ऐका. १,६०० लोकांचे नंबर घ्या. निम्म्यांना कळवा की अ जिंकणार, निम्म्यांना कळवा की ब जिंकणार. ज्या ८०० जणांना खोटे सांगितले गेले त्यांना सोडून द्या. उरलेल्या ८०० चे पुन्हा दोन भाग. मग ४००, मग २००, मग १००. या शेवटच्या शंभर जणांनी सलग चार भविष्ये खरी झालेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असतात. त्यांना आता व्हीआयपी ग्रुपची फी मागा. देतील, पाया पडून देतील. कोणत्या बाबा-बुवाने याहून वेगळे काय केले?

तथागतांनी भिक्खूंना भविष्य सांगून पोट भरायला मनाई केली. ब्रह्मजाल सुत्तात ज्या गोष्टींपासून दूर राहायला सांगितले आहे त्यांत फाशांचे खेळही आहेत आणि शकुन-भविष्याचा धंदाही आहे. आज टीपच्या रूपाने हे दोन्ही धंदे एक झाले आहेत. धम्म सांगतो, 'एहि पस्सिको', या आणि स्वतः पाहा. टीप सांगते, डोळे झाका. यातले काय निवडायचे हे बौद्धाच्या घरात जन्मलेल्या पोराला समजावून सांगायला लागावे?

वहीतली हुशारी

लागते. का लागते, ते आम्ही एका मुलाच्या वहीत पाहिले.

हा मुलगा पोलीस भरतीची तयारी करणारा. आईवडील ऊसतोडीला जातात. दसऱ्याच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची, कोयता घेऊन कारखान्यावर जायचे, पाच-सहा महिने उसाच्या फडात राहायचे आणि उचल फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. वडिलांच्या साध्या फोनवर पैशांचे काही येत नाही, म्हणून उचलीचे पैसे मुलाच्या खात्यावर आले. त्यातले ४२,००० रुपये सोळा दिवसांत टेनिसमध्ये गेले.

आम्ही त्याला भेटायला गेलो तेव्हा तो मान वर करेना. बऱ्याच वेळाने म्हणाला, "दादा, मी मटका खेळत नव्हतो. मी अभ्यास करून लावत होतो."

आणि त्याने वही काढली. एका बाजूला सामान्य ज्ञानाच्या नोट्स. दुसऱ्या बाजूला तक्ते. कोणता खेळाडू मातीच्या कोर्टवर किती सामने जिंकला, कठीण कोर्टवर किती, आधीच्या भेटीत काय झाले, पहिली सर्व्हिस किती टक्के आत पडते. लाल पेनाने खुणा. अक्षर सुरेख. ती वही पाहून आमच्यातल्या एका शिक्षक मित्राच्या डोळ्यांत पाणी आले. हा मुलगा कुठल्याही चांगल्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकला असता. त्याला ते कोणी शिकवले नाही. त्याच्या बुद्धीला पहिल्यांदा किंमत देऊ केली ती सट्टेबाजाने, आणि तीही त्याच्याच बापाच्या पैशातून.

सुरुवातीला त्याला १,१०० रुपये मिळाले होते. ते क्लासच्या फीसाठी काढून ठेवायचे होते. मग गेले, मग 'रिकव्हरी' सुरू झाली. हा शब्द पोरांच्या तोंडी बसला आहे. गेलेले परत आणण्यासाठी आणखी लावायचे म्हणजे रिकव्हरी. आईवडिलांना त्या वर्षी उचल फेडता आली नाही. मुलाने मोबाईलवर जे हरले ते फेडायला आईला आणखी एक हंगाम उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरपर्यंत चालावे लागले.

म्हणून आम्ही म्हणतो, 'ज्याची त्याची जबाबदारी' हे वाक्य आम्हाला सांगू नका. बागायतदाराच्या पोराने ४२,००० घालवले तर बाप दोन शिव्या देतो आणि विषय संपतो. त्याच्या पाठीशी जमीन आहे, सोसायटी आहे, चुलता आहे. आपल्या पोराने तेवढेच घालवले तर घर पुन्हा मुकादमाच्या दावणीला जाते. पैज सारखी दिसते, हार सारखी नसते. जातिव्यवस्थेने ज्यांच्याकडे काही शिल्लक ठेवूच दिले नाही, त्यांची हार नेहमीच जास्त खोल असते.

यापुढची पायरी याहून धोक्याची आहे. हरलेल्या पोराला सांगतात, "तुझे खाते आणि सिमकार्ड दे, महिन्याला काही हजार घे." सट्ट्याचा पैसा फिरवायला अशी भाड्याची खाती लागतात. 'महादेव' ॲपच्या प्रकरणात हा धंदा देशाने पाहिला. भिलाईचे लोक दुबईत बसून तो चालवत होते. गावोगाव 'पॅनल' वाटलेले, नफ्याची वाटणी ७०-३०, आणि क्रिकेटबरोबर टेनिस, बॅडमिंटन, फुटबॉल, पत्ते, सगळ्यांवर पैसे. खेळच असे रचलेले की एकूणात पॅनलवाला हरत नाही, असे ईडीने म्हटले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने ते धरून २२ ॲप आणि संकेतस्थळे बंद केली. अशा तपासात पहिले नाव निघते ते खातेदाराचे. खाते गोठते, परराज्यातल्या पोलिसांची नोटीस घरी येते. पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणी असते हे त्या पोराला तेव्हा आठवते.

फासे कोणाचे, गुन्हा कोणाचा

या देशात जुगाराला दोन नावे आहेत. वरच्याने खेळला तर लीला, खालच्याने खेळला तर गुन्हा.

महाभारतात धर्मराज राज्य लावतो, भाऊ लावतो, शेवटी द्रौपदीला पणाला लावतो आणि तरीही धर्मराजच राहतो. बलिप्रतिपदा हा आपल्या बळीराजाच्या नावाचा दिवस. जोतीरावांनी ज्याला शूद्रातिशूद्रांचा न्यायी राजा म्हणून पुढे आणले, त्याच दिवसाला पुराणवाल्यांनी 'द्यूतप्रतिपदा' असेही नाव दिले. बळीच्या दिवशी फासे खेळणे शुभ! बळीचे राज्य गेले ते गेले, वर त्याच्या दिवशी जुगार.

मुंबईच्या गिरणगावात मटका कसा आला हेही आठवावे. न्यूयॉर्कच्या बाजारातला कापसाचा उघडता आणि बंद होतानाचा भाव तारेने मुंबईला यायचा आणि त्यावर लोक पैसे लावायचे. १९६१ च्या सुमारास ती सोय बंद झाली. मग कल्याणजी भगत, रतन खत्री यांनी आकडे काढायला सुरुवात केली, मडक्यातून चिठ्ठी काढायची म्हणून मटका. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द त्या कापसाच्या बाजारातून आलेले. कामगार मुंबईचा, आकडा न्यूयॉर्कचा. आज पोरगा शेवगावचा आणि सामना ज्या गावात चालला आहे त्याचे नाव त्याला उच्चारताही येत नाही. साठ वर्षांत तार गेली, मोबाईल आला, बाकी सगळे तेच. गरिबाचा पैसा नेहमी अशा आकड्यावर लावला जातो जो त्याच्यापासून हजारो मैल दूर ठरतो.

कायदा काय करत होता? १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आजही महाराष्ट्रात चालतो. पेपरात रोज वाचतो आपण, 'बारा अ प्रमाणे कारवाई', झाडाखाली पत्ते खेळणारे पाच जण, टपरीवर आकडे घेणारा एक. पण महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यांवर पैसे लावणे चालते. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटले. हाच 'कौशल्य' शब्द पुढे ऑनलाइन कंपन्यांनी ढालीसारखा वापरला आणि आमच्या त्या मुलाच्या वहीपर्यंत आणून सोडला. वास्तविक सर्वोच्च न्यायालयानेच १९५७ साली, मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात, जुगार हा व्यापारच नाही आणि त्याला व्यवसाय स्वातंत्र्याचे संरक्षण मिळणार नाही असे सांगून ठेवले होते.

इथे बाबासाहेबांची एक गोष्ट तरुणांनी मुद्दाम वाचावी. सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत राज्यसूचीतल्या 'पैज आणि जुगार' या नोंदीवर चर्चा झाली. काही सदस्यांना वाटले, संविधानात जुगाराचे नाव असणेच लाजिरवाणे आहे, ही नोंद काढून टाका. बाबासाहेबांनी शांतपणे समजावले की नोंद काढल्याने जुगार जाणार नाही, त्यावरचे नियंत्रण तेवढे जाईल. या नोंदीच्या आधारे राज्य जुगाराला परवानगीही देऊ शकते आणि बंदीही घालू शकते. ज्यांना तो मुळातच नको असेल त्यांनी संविधानात त्याला गुन्हा ठरवणारे कलम आणावे. केवळ शब्द पुसून काही साधत नाही. ती नोंद राहिली. आज ती सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत ३४ व्या क्रमांकावर आहे.

याचा अर्थ काय? अर्थ असा की अधिकार पहिल्या दिवसापासून सरकारच्या हातात होता. वापरायचा की नाही, कोणाविरुद्ध वापरायचा, हा प्रश्न सत्तेचा होता. सरकारांनी काय केले? झाडाखालच्या पाच जणांवर कारवाई आणि ऑनलाइन कंपन्यांवर कर. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन गेमिंगवर २८ टक्के जीएसटी लागला, म्हणजे तिजोरीही या धंद्यात वाटेकरी झाली. क्रिकेट संघाच्या छातीवर याच धंद्यातल्या कंपनीचे नाव झळकले.

आणि आपल्या विधिमंडळात काय झाले? जुलै २०२५ मध्ये कर्जत-जामखेडचे आमदार रोहित पवार यांनी एक चित्रफीत पुढे आणली. राज्याचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाईलवर रमी खेळताना दिसतात असा त्यांचा आरोप होता. कोकाटे यांनी तो नाकारला, आपण फक्त आलेली जाहिरात काढून टाकत होतो असे सांगितले. ते खरे धरले तरी प्रश्न उरतोच. ज्या जाहिरातीतून मंत्र्याचा मोबाईलही सुटत नाही, त्यातून ऊसतोड कामगाराच्या पोराचा मोबाईल कसा सुटणार? ३१ जुलैला त्यांच्याकडचे कृषी खाते गेले आणि कोणते मिळाले? क्रीडा आणि युवक कल्याण! आमच्या पोरांनी यावर हसावे की रडावे?

कायदा झाला, आता काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळवण्याचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि ५० लाख. ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसली आणि २०,००० कोटींहून जास्त रुपये गेले, असा सरकारचाच अंदाज त्या वेळी मांडला गेला. या कायद्यातली एक गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. खेळणाऱ्याला त्यात गुन्हेगार धरलेले नाही. १८८७ चा कायदा झाडाखाली बसलेल्याला पकडतो, २०२५ चा कायदा झाड लावणाऱ्याला पकडू म्हणतो.

म्हणतो. पकडतो का, ते आपण बघायचे आहे. परदेशात बसलेले ॲप एका नावाने बंद होते आणि दुसऱ्या नावाने उघडते. टेलिग्रामवरची टीप तर कायद्याला अजून नीट दिसतही नाही.

काही मित्र विचारतील, शेअर बाजारही जुगारच नाही का? धोका तिथेही आहे, पण शेअरमागे निदान कारखाना असतो, काहीतरी तयार होत असते. टेनिसच्या पैजेत काहीच तयार होत नाही, फक्त एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात जाते आणि मधला आपला हिस्सा कापतो. दुसरे काही म्हणतील, बेरोजगार पोरं करणार काय? बरोबर आहे. भरती निघत नाही, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, एमआयडीसीत कंत्राटी काम. या पोकळीतच टीप शिरते. म्हणून नुसते 'खेळू नका' सांगून भागणार नाही.

आमच्या मते चार गोष्टी आजच करता येतील.

पहिली, जयंती. एका गावातल्या बैठकीत १४ एप्रिलच्या डीजेचा आणि कमानीचा सगळा खर्च उचलायला एक जण तयार झाला. त्याचा धंदा काय हे बैठकीतल्या प्रत्येकाला माहीत होते. तासभर वाद झाला. शेवटी एक म्हातारी आजी उठून म्हणाली, "माझ्या नातवाचे पैसे माझ्याच भीमाच्या फोटोला हार म्हणून घालता काय?" त्या वर्षी डीजे आला नाही. वर्गणीतून मिरवणूक निघाली आणि उरलेल्या पैशांत अभ्यासिकेला पुस्तके आली. प्रत्येक गावाने हा ठराव करावा. सट्ट्याचा पैसा जयंतीला नको.

दुसरी, खाते. आपले बँक खाते, सिम, आधार कोणालाही भाड्याने द्यायचे नाही. ज्यांनी दिले असेल त्यांना शिव्या देऊ नका. त्यांना सोबत घेऊन बँकेत लेखी कळवा, वकील मित्रांची मदत घ्या, आणि पैसे बुडवून घेतले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.

तिसरी, गणित. प्रत्येक अभ्यासिकेत एक दिवस वर लिहिलेले गणित फळ्यावर मांडा. १,६०० जणांचा खेळ करून दाखवा. पोरं हुशार आहेत, त्यांना एकदाच कळायला हवे. आणि ज्याच्याकडे आकड्यांची समज आहे त्याला संख्याशास्त्राची, बँकिंगची, डेटाची वाट दाखवा. त्याची वही त्याच्याकडून हिसकावू नका, तिचा विषय बदला.

चौथी, मैदान. तालुक्याला क्रीडा संकुल असते म्हणतात. त्याची चावी कोणाकडे असते ते विचारा. आपल्या पोरांच्या हाती टेनिस आले ते मोबाईलमधून, रॅकेटमधून नाही. खेळ पाहणाऱ्याने खेळ खेळलाही पाहिजे, ही मागणी घेऊन निवेदन द्या.

भगवान बुद्धांनी राजगृहात सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला जुगाराचे सहा तोटे सांगितले. जिंकला तर वैर वाढते. हरला तर गेलेल्या धनाचा शोक. आहे ती संपत्ती आटते. सभेत शब्दाला किंमत उरत नाही. मित्र तुच्छ मानू लागतात. लग्नाला कोणी मुलगी देत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आमच्या प्रत्येक वस्तीत आज जशीच्या तशी सापडते. लक्षात घ्या, त्यात पाप नाही, नरक नाही, देवाचा कोप नाही. जे घडते तेवढेच सांगितले आहे. आपणही पोरांशी तसेच बोलावे, धाक न घालता, हिशेब मांडून.

याच जिल्ह्यात, श्रीरामपूरजवळच्या हरेगावात, डिसेंबर १९३९ मध्ये बाबासाहेब महार, मांग, वेठिया वतनदारांच्या परिषदेला आले होते. तुटपुंज्या वतनाच्या आशेवर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या माणसांचा तो प्रश्न होता. वतन हातात फारसे काही देत नव्हते, पण 'आपले काहीतरी आहे' या आशेने माणसाला गावाच्या दारात बांधून ठेवत होते. टीप तेच करते. ती पैसे देत नाही, आशा देते, आणि त्या आशेचे भाडे घेते. त्या वतनाची बेडी बाबासाहेबांनी हिशेब मांडून, कायदा मागून, माणसे संघटित करून तोडायला शिकवले. या बेडीलाही तोच इलाज आहे.

वाचून झाल्यावर हा लेख टेलिग्रामवर तेवढा पुढे पाठवू नका. आपल्या अभ्यासिकेतल्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या भावाशी बोला. त्याच्या वहीची दुसरी बाजू बघा.

जय भीम! जय संविधान!